श्वसनाबरोबर होणारे अंतर्गत अवयवांचे चलन आणि किरणोपचारातील शरीरस्थिती : एक विवेचन

सारांश

कर्करोगावरील किरणोपचारात किरणांची मात्रा मिलिमीटरच्या हिशेबाने निश्चित केलेल्या जागी पोहोचवावयाची असते. परंतु छाती व पोट यांतील अवयव श्वासाबरोबर सतत जागा बदलत असतात. ही हालचाल किती व कोणत्या दिशेने होईल, हे रुग्णाला उताणे, पालथे, कुशीवर की बसते ठेवले आहे यावर बऱ्याच अंशी अवलंबून असते. प्रस्तुत लेखात श्वसनाची यंत्रणा, स्थितीनुसार तीत होणारा बदल आणि त्याचा उपचाराच्या नियोजनावर होणारा परिणाम यांचे विवेचन केले आहे. कोणतीही एक स्थिती सर्व अवयवांसाठी योग्य नसते. एकच पालथी स्थिती स्तनाच्या उपचारात हितकारक, तर प्रोस्टेटच्या उपचारात अडचणीची ठरू शकते, हे उपलब्ध अभ्यासांच्या आधारे स्पष्ट केले आहे.

बीजशब्द : किरणोपचार, श्वसन, श्वासपटल, उताणी स्थिती, पालथी स्थिती, सुरक्षा-सीमा.

प्रस्तावना

छातीचा क्ष-किरण फोटो काढावयास गेलेल्या प्रत्येकाने ‘श्वास भरून घ्या, रोखून धरा’ ही सूचना ऐकलेली असते. फोटो निघण्यास सेकंदाचा अल्पसा अंश पुरतो, त्यामुळे तेवढा वेळ श्वास रोखणे कोणालाही जमते. किरणोपचाराची गोष्ट वेगळी आहे. येथे किरण केवळ प्रतिमा घेण्यासाठी नव्हे, तर अर्बुदातील पेशी नष्ट करण्यासाठी वापरावयाचे असतात. त्यासाठी रुग्णाला काही मिनिटे टेबलावर निश्चल पडून राहावे लागते, आणि पारंपरिक पद्धतीत असे पंचवीस-तीस दिवस चालते. निरोगी प्रौढ व्यक्ती विश्रांतीच्या अवस्थेत मिनिटाला साधारणपणे १२ ते २० वेळा श्वास घेते. मिनिटाला १५ श्वास धरले, तर दहा मिनिटांच्या एका सत्रात दीडशे वेळा छाती व पोट वर-खाली होते. बाहेरून निश्चल दिसणाऱ्या देहाच्या आत यकृत, मूत्रपिंडे, स्वादुपिंड, फुप्फुसे आणि त्यांमधील अर्बुद यांचा प्रवास अखंड चालू असतो.

लिनिअर ॲक्सिलरेटरसारखी यंत्रे आता अत्यंत अचूक झाली आहेत. मात्र यंत्राची अचूकता आणि लक्ष्याची स्थिरता या दोन भिन्न गोष्टी आहेत. लक्ष्यच हलत असेल, तर अचूक नेम साधूनही काही किरण निरोगी ऊतींवर पडतात आणि अर्बुदाचा काही भाग अपुऱ्या मात्रेवर राहतो. या अडचणीवर श्वासाच्या ठरावीक टप्प्यातच किरण सोडणे, अर्बुदाचा पाठलाग करणे, श्वास रोखून उपचार करणे असे अनेक उपाय निघाले आहेत. त्यांची चर्चा पुष्कळ होते. त्यामानाने रुग्णाला टेबलावर कसे झोपवावे हा प्रश्न किरकोळ व सोयीचा समजला जातो. वस्तुतः हा निर्णय इतर सर्व उपायांच्या आधी घेतला जातो आणि पुढील प्रत्येक पायरीवर त्याचा प्रभाव राहतो.

उद्दिष्टे

१) श्वसनाबरोबर अंतर्गत अवयव का व किती हलतात हे समजून घेणे.
२) शरीरस्थिती बदलल्याने या हालचालीत होणाऱ्या बदलाची कारणमीमांसा करणे.
३) स्तन व प्रोस्टेट यांच्या उदाहरणांतून स्थितीच्या निवडीतील लाभ-हानी स्पष्ट करणे.
४) चित्रणापासून उपचाराच्या अखेरच्या दिवसापर्यंत स्थितीची एकरूपता का आवश्यक आहे, याचा विचार करणे.

१. श्वसनाची यंत्रणा : हलणाऱ्या दोन भिंती

श्वसनाचा मुख्य स्नायू म्हणजे श्वासपटल. छाती व पोट यांच्यामध्ये घुमटाकार ताणलेला हा पडदा श्वास घेताना आकुंचन पावून खाली सरकतो, छातीची पोकळी वाढते आणि हवा आत येते. त्याच वेळी बरगड्या वर व बाहेर उचलल्या जातात. कोन्नो व मीड यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात श्वसनाकडे दोन स्वतंत्र भागांची हालचाल म्हणून पाहण्याची रीत मांडली : एक भाग बरगड्यांचा पिंजरा, दुसरा पोट. या दोहोंच्या आकारमानातील बदल मोजले की आत घेतलेल्या हवेचा अंदाज करता येतो. ‘छातीने श्वास’ आणि ‘पोटाने श्वास’ हा बोलण्यातील भेद शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही अर्थपूर्ण आहे.

पोटातील अवयव जवळजवळ असंपीड्य असतात. दाब दिला तरी त्यांचे आकारमान फारसे घटत नाही. या दृष्टीने पोटाची तुलना पाण्याने भरलेल्या पखालीशी करता येईल. पखाल वरून दाबली की ती कोठेतरी फुगलीच पाहिजे. श्वासपटल खाली येताच यकृत, प्लीहा, जठर, मूत्रपिंडे हे अवयव खाली ढकलले जातात आणि पोटाची सैल पुढची भिंत बाहेर येते. ही भिंत मोकळी असेल तर श्वासपटलाला खाली येण्यास अडथळा राहत नाही. ती अडविली तर एक तर श्वासपटलाची हालचाल घटते, किंवा दाब दुसरीकडे, म्हणजे बरगड्यांकडे अथवा खाली श्रोणीच्या पोकळीकडे वळतो. शरीरस्थितीचा परिणाम समजून घेण्यासाठी एवढे तत्त्व ध्यानात ठेवणे पुरेसे आहे : कोणती भिंत मोकळी आहे आणि कोणती अडलेली आहे, हे स्थिती ठरविते.

२. स्थितीनुसार होणारे बदल

उभ्या किंवा बसलेल्या अवस्थेत पोटातील अवयव गुरुत्वाकर्षणाने खाली ओढले जातात. श्वासपटल खालच्या पातळीवर असते व फुप्फुसांत तुलनेने अधिक हवा राहते. या अवस्थेत शांत श्वसनात बरगड्यांच्या पिंजऱ्याचा वाटा मोठा असतो, तर आडवे होताच पोटाचा वाटा वाढतो. निरोगी व्यक्तींवर शार्प व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या १९७५ मधील मोजमापांतून हे स्पष्ट झाले.

उताणे झोपल्यावर पोटातील अवयवांचा भार श्वासपटलाला छातीकडे ढकलतो. परिणामी शांत उच्छ्वासाच्या अखेरीस फुप्फुसांत उरणारी हवा सुमारे अर्धा ते एक लिटरने कमी होते. मात्र पोटाची पुढची भिंत वरच्या बाजूस पूर्ण मोकळी असल्याने श्वासपटलाला सरकण्यास वाव मिळतो. येथे आणखी एक बाब महत्त्वाची आहे : श्वासपटल सर्व ठिकाणी सारखे हलत नाही. उताण्या अवस्थेत त्याच्या पाठीकडील भागावर पोटातील अवयवांचा दाब अधिक असतो, तो भाग अधिक वर ताणलेला राहतो आणि म्हणून आकुंचनाच्या वेळी अधिक सरकतो. फ्रोझ व ब्रायन यांनी १९७४ मध्ये दाखविले, की स्वतःहून श्वास घेणाऱ्या उताण्या व्यक्तीत पाठीकडील भाग अधिक हलतो. मात्र स्नायू शिथिल करून यंत्राने श्वास दिला की हालचालीचा भर पुढच्या भागाकडे जातो. कुशीवर झोपल्यास याच न्यायाने खालच्या बाजूचे अर्धे श्वासपटल अधिक सरकते. त्यामुळे एकाच आकाराचे अर्बुद श्वासपटलाच्या कोणत्या भागाजवळ आहे, यावरही त्याचा प्रवास कमी-अधिक होतो.

पालथ्या स्थितीत चित्र उलटते. उरोस्थी व पोट टेबलावर टेकतात आणि शरीराच्या भारानेच पुढची भिंत दाबली जाते. हृदयाचा भार फुप्फुसांच्या पाठीकडील भागावरून उतरून उरोस्थीकडे जातो व तो भाग अधिक चांगला प्रसरण पावतो. कोविड-१९ च्या साथीत, २०२० व २०२१ या वर्षांत, ऑक्सिजनची पातळी उतरलेल्या रुग्णांना पालथे झोपविण्याचा जो उपाय सर्वतोमुखी झाला, त्यामागे हे एक कारण होते. किरणोपचारात मात्र ‘पालथी स्थिती’ एवढेच सांगणे पुरेसे नसते. टेबल सपाट व कठीण असेल तर पोट अडते. पोटाखाली पोकळी असलेला फलक वापरला, तर पोट त्या पोकळीत मोकळे लोंबते. लहान आतडे पुढे सरकून श्रोणीबाहेर राहावे, यासाठी गुदाशयाच्या कर्करोगात असा फलक वापरतात. दोन्ही स्थिती नावाने पालथ्याच आहेत, पण श्वसनाच्या दृष्टीने त्या परस्परांहून भिन्न आहेत.

३. हालचालीचे प्रमाण

शांत श्वसनात श्वासपटल साधारणपणे एक ते दोन सेंटिमीटर सरकते. दीर्घ श्वासात हे अंतर कित्येक पटींनी वाढते. यकृत, स्वादुपिंड व मूत्रपिंडे श्वासपटलाबरोबर मुख्यतः डोक्याकडून पायांकडे अशा दिशेने सरकतात आणि शांत श्वसनातही त्यांचा प्रवास सेंटिमीटरमध्ये मोजावा लागतो.

फुप्फुसातील अर्बुदांची हालचाल त्यांच्या जागेवर अवलंबून असते. जपानमधील होक्काइडो विद्यापीठात २० रुग्णांच्या अर्बुदात अथवा त्यालगत सोन्याचे सूक्ष्म गोलक बसवून त्यांचा उपचाराच्या वेळीच क्ष-किरणांनी मागोवा घेण्यात आला. सेपेनवूल्ड व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात, फुप्फुसाच्या खालच्या खंडातील व कठीण रचनेला न चिकटलेल्या अर्बुदांची डोके-पाय दिशेतील हालचाल सर्वाधिक, सरासरी सुमारे १२ मिलिमीटर आढळली. निम्म्या रुग्णांत अर्बुद श्वास घेताना एका वाटेने व सोडताना दुसऱ्या वाटेने जात होते आणि या दोन वाटांतील अंतर १ ते ५ मिलिमीटर होते. अर्बुदाचा बराच काळ उच्छ्वासाच्या टोकाजवळ जातो व ती जागा तुलनेने स्थिर असते, हेही अशा अभ्यासांतून स्पष्ट झाले. श्वासाशी जुळवून किरण सोडताना अनेकदा उच्छ्वासाचा टप्पा निवडला जातो, तो याच कारणाने.

४. हालचालीची किंमत : सुरक्षा-सीमा

अर्बुद हलते म्हणून त्याच्याभोवती थोडी जास्तीची जागा किरणांखाली घ्यावी लागते. या जागेला येथे ‘सुरक्षा-सीमा’ असे म्हटले आहे. किरणांची एकके व मोजमापे यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९९ मधील आपल्या ६२ व्या अहवालात अवयवांच्या अंतर्गत हालचालीसाठीची सीमा आणि रुग्ण टेबलावर ठेवताना होणाऱ्या फरकासाठीची सीमा यांचा वेगवेगळा विचार करण्याची रूढी घालून दिली. शरीरस्थितीचा संबंध या दोन्ही सीमांशी येतो : अवयव किती हलणार हेही ती ठरविते, आणि रुग्ण दररोज त्याच जागी किती नेमका बसविता येईल हेही.

सीमेतील थोडी वाढ किती महाग पडते हे साध्या गणिताने कळते. ३ सेंटिमीटर व्यासाच्या गोलाकार अर्बुदाचे आकारमान सुमारे १४ घन सेंटिमीटर असते. त्याभोवती सर्व बाजूंनी ५ मिलिमीटरची सीमा घेतली तर व्यास ४ सेंटिमीटर होतो व आकारमान सुमारे ३३.५ घन सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ २.४ पट होते. सीमा १० मिलिमीटर केली तर तेच आकारमान सुमारे ६५ घन सेंटिमीटर, म्हणजे मूळच्या ४.६ पट होते. या वाढीव आकारमानात निरोगी फुप्फुस, यकृत किंवा आतडे असते. म्हणून हालचाल काही मिलिमीटरने कमी करणे ही केवळ तांत्रिक नीटनेटकेपणाची बाब नाही. अनेकदा पूर्ण परिणामकारक मात्रा देता येईल की निरोगी अवयव वाचविण्यासाठी ती कमी करावी लागेल, हे त्यावर ठरते. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या ७६ व्या कार्यगटाने २००६ मधील अहवालात, हालचाल ५ मिलिमीटरपेक्षा अधिक असल्यास श्वसनाच्या व्यवस्थापनाचा विचार करावा अशी शिफारस केली आहे.

५. एकच स्थिती, दोन परिणाम : स्तन व प्रोस्टेट

पालथ्या स्थितीची दोन उदाहरणे शेजारी ठेवली असता या विषयाचे मर्म लक्षात येते.

पहिले उदाहरण स्तनाच्या कर्करोगाचे. उताण्या स्थितीत स्तन छातीच्या भिंतीवर पसरतो, भिंत श्वासाबरोबर वर-खाली होते आणि तिच्या मागील फुप्फुसाचा व डाव्या बाजूस हृदयाचा काही भाग किरणांच्या वाटेत येऊ शकतो. छिद्र असलेल्या फलकावर रुग्णाला पालथे ठेवल्यास स्तन खाली लोंबतो, छातीच्या भिंतीपासून दूर जातो व फुप्फुस वाचते. शिवाय उरोस्थी व बरगड्या फलकावर टेकल्याने छातीच्या पुढच्या भिंतीची श्वासाबरोबरची हालचाल घटते. न्यूयॉर्क येथील मेमोरियल स्लोन-केटरिंग केंद्रातून १९९४ मध्ये या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध झाले होते. मात्र याच स्थितीत हृदयही गुरुत्वाकर्षणाने पुढे, छातीच्या भिंतीकडे सरकते. त्यामुळे डाव्या बाजूच्या काही रुग्णांत, विशेषतः स्तन लहान असल्यास, अपेक्षित लाभ मिळत नाही. फॉर्मेंटी व सहकाऱ्यांनी ४०० रुग्णांचे दोन्ही स्थितींत चित्रण करून २०१२ मध्ये मांडलेल्या निरीक्षणांतही बहुतेकांना पालथी स्थिती अनुकूल ठरली, पण काही रुग्णांसाठी उताणी स्थितीच अधिक चांगली होती.

हृदयाचा प्रश्न किती गंभीर आहे, हे डार्बी व सहकाऱ्यांच्या २०१३ मधील अभ्यासावरून कळते. स्वीडन व डेन्मार्कमधील २,१६८ स्त्रियांच्या माहितीवर आधारलेल्या या अभ्यासात हृदयाला मिळालेल्या सरासरी मात्रेच्या प्रत्येक एका ग्रेमागे हृदयवाहिन्यांच्या गंभीर विकाराचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. कर्करोगातून वाचलेल्या स्त्रीला पुढे याच उपचारामुळे हृदयविकार जडू नये, ही काळजी टेबलावरील स्थिती निवडतानाच घ्यावी लागते. जेथे पालथी स्थिती सोयीची नाही, तेथे उताण्या स्थितीत दीर्घ श्वास घेऊन तो रोखण्याची पद्धत वापरतात. फुप्फुस फुगल्याने हृदय खाली व मागे सरकते आणि छातीच्या भिंतीपासून त्याचे अंतर वाढते. एरवी अडचणीची वाटणारी श्वासजन्य हालचालच येथे उपयोगी पडते.

दुसरे उदाहरण पुरःस्थ ग्रंथीचे, म्हणजेच प्रोस्टेटचे. ही ग्रंथी श्रोणीत खोलवर असल्याने तिचा श्वासाशी संबंध नसावा, अशी सर्वसाधारण समजूत होती. गुदाशय रिता की भरलेला यानुसार ती सरकते हे माहीत होते. डॉसन व सहकाऱ्यांनी २००० मध्ये चार रुग्णांना चार वेगवेगळ्या स्थितींत ठेवून या ग्रंथीची हालचाल पाहिली. शांत श्वसनात उताण्या स्थितीत ती एक मिलिमीटरहूनही कमी हलली, तर पालथे ठेवून शरीराच्या आकाराच्या साच्यात बसविले असता ती श्वासाबरोबर काही मिलिमीटर हलू लागली. त्याच वर्षी मॅलोन व सहकाऱ्यांनी ४० रुग्णांत असेच निरीक्षण नोंदविले : पालथ्या स्थितीत थर्मोप्लास्टिक साचा बसविला असता हालचाल सरासरी ३.३ मिलिमीटर होती आणि साचा काढताच ती लक्षणीयरीत्या घटली. पुढे बेली व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादृच्छिक चाचणीतही पालथ्या स्थितीत प्रोस्टेटची हालचाल अधिक दिसली आणि रुग्णांना उताणी स्थिती अधिक सुखावह वाटली.

मॅलोन यांच्या निरीक्षणातील विरोधाभास विचार करण्याजोगा आहे. साचा बसविला तो रुग्ण हलू नये म्हणून, आणि त्यानेच आतील ग्रंथीची हालचाल वाढविली. त्याची कारणमीमांसा आरंभीच्या पखालीच्या दृष्टान्ताने करता येते. पोट टेबलाने व साच्याने अडले की श्वासपटलाच्या दाबाला पुढे वाट उरत नाही. तो खाली श्रोणीकडे वळतो. बाह्य स्थैर्य म्हणजे अंतर्गत स्थैर्य नव्हे, हा या अभ्यासांचा मुख्य धडा होय.

६. जाणीवपूर्वक दिलेला दाब

जे तत्त्व प्रोस्टेटच्या बाबतीत अडचणीचे ठरले, तेच यकृत व फुप्फुस यांच्या बाबतीत उपयोगात आणले गेले. स्टॉकहोम येथील कारोलिन्स्का रुग्णालयात लॅक्स, ब्लॉमग्रेन व सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी शरीरासाठी एक चौकट तयार केली. रुग्णाला तीत उताणे ठेवून पोटाच्या वरच्या भागावर पट्टीने दाब दिला जाई. पोटाची भिंत मर्यादित झाल्याने श्वासपटलाची हालचाल ५ ते १० मिलिमीटरपर्यंत खाली आणता येते, असे त्यांनी १९९४ मध्ये नोंदविले. थोड्या सत्रांत मोठी मात्रा देण्याच्या आजच्या पद्धतीचा पाया या कामाने घातला. हाइन्झरलिंग व सहकाऱ्यांच्या २००८ मधील अभ्यासात फुप्फुसाच्या खालच्या खंडातील व यकृतातील अर्बुदांची डोके-पाय दिशेतील सरासरी हालचाल दाबाविना १३.६ मिलिमीटर होती. मध्यम दाबाने ती ८.३ व अधिक दाबाने ७.२ मिलिमीटर झाली. मध्यम दाबानेच बहुतेक लाभ पदरात पडतो, त्यापुढील दाबाने थोडाच अधिक लाभ होतो व रुग्णाचा त्रास मात्र वाढतो, हे या आकड्यांवरून दिसते.

दाबाची पट्टी, हवा काढून घट्ट होणारी गादी, हातांना आधार देणारा फलक ही साधने अर्बुदाचा पाठलाग करणाऱ्या यंत्रणेच्या तुलनेत अल्पखर्ची आहेत. जेथे महागडी यंत्रणा नाही अशा केंद्रांत स्थितीचा विचारपूर्वक वापर करणे हाच अनेकदा व्यवहार्य मार्ग असतो.

७. चित्रण व उपचार यांतील एकरूपता

उपचाराचे नियोजन सीटी स्कॅनच्या आधारे होते. २००३ च्या सुमारास विकसित झालेल्या चतुर्मितीय सीटी स्कॅनमध्ये श्वासाचे चक्र अनेक टप्प्यांत, बहुधा दहा टप्प्यांत, विभागून प्रत्येक टप्प्यातील अर्बुदाची जागा पाहता येते. परंतु हे चित्र ज्या स्थितीत घेतले त्या स्थितीपुरतेच खरे असते. रोगनिदानासाठी काढलेला सीटी स्कॅन बहुधा खोलगट टेबलावर व छातीच्या बाबतीत दीर्घ श्वास रोखून काढलेला असतो. किरणोपचाराचे टेबल सपाट असते व रुग्ण सहसा शांतपणे श्वास घेत असतो. एका चित्रणात हात खाली व दुसऱ्यात डोक्यावर असले, तर बरगड्यांची ठेवण बदलते. अशी दोन चित्रे एकमेकांवर ठेवून अर्बुदाची सीमा आखल्यास चूक नियोजनातच शिरते आणि ती पुढे प्रत्येक सत्रात जशीच्या तशी पुनरावृत्त होते.

त्वचेवरील खुणांचेही तसेच आहे. उताण्या स्थितीत पोटावरील खूण श्वासाबरोबर हलते, म्हणून बाजूच्या व हाडालगतच्या स्थिर जागा निवडतात. पालथ्या स्थितीत पाठ वर येते व श्वासाबरोबर पाठच उचलली जाते. तेथे पाठीवरील खूण तितकी विश्वसनीय राहत नाही.

८. रुग्णाची क्षमता व सहकार्य

आतापर्यंतच्या विवेचनात रुग्णाचा विचार एक यांत्रिक रचना म्हणून झाला. प्रत्यक्षात फुप्फुसाचा कर्करोग असलेल्या अनेकांना पूर्वीपासून श्वसनाचा विकार असतो. हृदय दुर्बल असणाऱ्यांना सपाट झोपताच धाप लागते. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर खांदा आखडलेल्या स्त्रीला हात डोक्यावर धरणे कठीण जाते. वृद्ध व स्थूल रुग्णांना पालथे होणेच अवघड असते. ज्या स्थितीत रुग्णाला त्रास होतो, त्या स्थितीत तो कितीही प्रयत्न केला तरी स्थिर राहू शकत नाही; त्याचा श्वास उथळ व अनियमित होतो आणि कागदावर सर्वोत्तम ठरलेली स्थिती प्रत्यक्षात निकृष्ट ठरते. अशा रुग्णांसाठी पाठीला उतरता आधार देऊन अर्धवट बसते ठेवण्याचा मार्ग उपलब्ध असतो. पूर्ण बसत्या स्थितीत फुप्फुसांचे आकारमान वाढते व धाप कमी लागते. त्यामुळे अलीकडे स्थिर किरणझोतासमोर रुग्णाला खुर्चीत बसवून फिरविण्याच्या पद्धतीत, विशेषतः प्रोटॉन उपचारात, पुन्हा रस घेतला जात आहे. अशा उपचारासाठी चित्रणही बसत्या स्थितीतच होणे आवश्यक असते.

सूचनांची भाषाही दुर्लक्षिण्याजोगी नाही. चित्रणाच्या दिवशी ‘नीट श्वास घ्या’ असे सांगितले की रुग्ण आज्ञाधारकपणे नेहमीपेक्षा खोल श्वास घेतो. पुढे सरावाने निर्धास्त झाल्यावर त्याचा श्वास उथळ होतो. अशा वेळी नियोजनातील हालचाल व उपचारातील हालचाल यांत तफावत पडते. प्राणायामाचा सराव असलेली व्यक्ती सवयीने पोटाने दीर्घ श्वास घेऊ लागली, तर मुक्त श्वसनाच्या पद्धतीत अवयवांचा प्रवास वाढेल. श्वास रोखण्याच्या पद्धतीत मात्र तोच सराव तिच्या उपयोगी पडू शकेल. म्हणून ‘रोज घरी पडल्यावर घेता तसाच साधा श्वास घ्या’ किंवा ‘सांगू तेव्हा, सांगू तेवढाच श्वास भरून थांबा’, अशी नेमकी सूचना रुग्णाच्या स्वतःच्या भाषेत देणे व ती प्रत्येक सत्रात तीच ठेवणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

१) शरीरस्थिती छाती व पोट यांपैकी कोणती भिंत मोकळी राहील हे ठरविते, त्यानुसार अंतर्गत अवयवांच्या हालचालीचे प्रमाण व दिशा बदलते.
२) सर्व अवयवांसाठी योग्य अशी एकच स्थिती नाही. पालथी स्थिती अनेक रुग्णांत स्तनाच्या उपचारात लाभदायक असते, तर प्रोस्टेटच्या उपचारात ती हालचाल वाढवू शकते.
३) बाहेरून दिलेला आधार किंवा साचा आतील अवयव स्थिर करतोच असे नाही, दाब कोणत्या दिशेला वळेल याचा विचार करणे आवश्यक ठरते.
४) चित्रण, नियोजन व उपचार या तिन्ही पायऱ्यांवर स्थिती, हातांची ठेवण, टेबलाचा पृष्ठभाग व श्वासाविषयीच्या सूचना एकच असाव्यात.
५) रुग्णाला सहन होणारी व दररोज तशीच साधता येणारी स्थिती, ही तत्त्वतः उत्कृष्ट पण त्रासदायक स्थितीपेक्षा श्रेयस्कर होय.

समारोप

किरणोपचारातील प्रगतीचा विचार बहुधा नव्या यंत्रांच्या संदर्भात केला जातो आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु यंत्र कितीही प्रगत असले, तरी त्याच्यासमोर श्वास घेणारा माणूस असतो. त्याला टेबलावर कसे ठेवले, त्याचे पोट मोकळे राहिले की अडले, त्याला धाप लागते आहे का, कालची स्थिती आज तशीच आहे का, या प्रश्नांची उत्तरे किरण सुरू होण्यापूर्वीच मिळवावी लागतात. भौतिकशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि परिचर्या या तिन्ही शाखा येथे एकत्र येतात. त्यांच्या समन्वयातून निवडलेली योग्य स्थिती काही मिलिमीटर वाचविते, आणि त्या मिलिमीटरांमागे रुग्णाचे निरोगी फुप्फुस, यकृत किंवा हृदय असते.